वेरूळचे कैलास लेणे आणि वेरूळ गाव : राष्ट्रकूटांनंतर काय झाले?

प्रश्न : दौलताबादची वाट

नमस्कार. आमच्या वाचनमंडळाची येत्या हिवाळ्यात वेरूळला सहल ठरली असून, निघण्यापूर्वी सर्वांना वाचायला देता येईल असे एक टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या निमित्ताने हाती लागले तेवढे वाचले, आणि एक गोष्ट सारखी खटकत राहिली. कैलास लेण्याची हकीकत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ.स. ७५६ ते ७७३) याच्यापासून सुरू होते, शिखरापासून पायथ्याकडे खोदत आणलेल्या त्या मंदिराचे भरभरून वर्णन होते, आणि मग बहुतेक लेखक एकदम १९८३ सालात, म्हणजे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीपाशी येऊन थांबतात. मधल्या बाराशे वर्षांत त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहत होते, लेण्यांचे काय चालले होते, याविषयी दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत.

माझे प्रश्न असे. अजिंठा लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दिसली आणि तेव्हापासून जगाला ठाऊक झाली, असे सांगतात. वेरूळही तसेच विस्मृतीत गेले होते का? वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांच्या पाटिलकीचे गाव आणि घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंगही तिथलेच. मग गावाच्या या इतिहासाचा लेण्यांशी काही संबंध लावता येतो, की या दोन निरनिराळ्या गोष्टी मानायच्या? शिवाय, कैलास लेणे माणसांच्या हातून होणे शक्यच नव्हते, अशा आशयाच्या चित्रफिती आमच्या मंडळातल्या काही जणांनी पाहिल्या आहेत. त्यांना नेमके काय उत्तर द्यावे, हेही जाणकारांनी सांगितले तर फार उपयोग होईल.

उत्तर : ताम्रपट

आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट देता येते : वेरूळ कधीच हरवले नव्हते. ते हरवले नव्हते याचे पुरावे जवळजवळ प्रत्येक शतकाच्या टप्प्यावर सापडतात, फक्त ते शिल्पकलेच्या पुस्तकांत एकत्र मांडलेले नसतात. कालक्रमाने सांगतो.

मुळात कैलास लेणे खोदण्यापूर्वीच ही जागा तीर्थ म्हणून प्रसिद्ध होती, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या कृष्णाचा पुतण्या आणि राष्ट्रकूट सत्तेचा पाया घालणारा दंतिदुर्ग याचा शके ६६३ चा एक ताम्रपट वेरूळलाच मिळाला आहे. एलापूर (म्हणजे आजचे वेरूळ) येथील गुहेश्वर तीर्थात स्नान करून त्याने भूमिदान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे आठव्या शतकाच्या मध्यापूर्वी इथे एक नाव असलेले तीर्थ होते, राजाने येऊन स्नान करावे इतका त्याचा लौकिक होता, आणि एलापूर ही वस्तीही होती. हिंदू लेण्यांपैकी सर्वांत जुनी, उदाहरणार्थ रामेश्वर (क्र. २१) आणि धुमार लेणे (क्र. २९), सहाव्या शतकाच्या सुमारास खोदली गेली. धुमार लेण्याच्या जवळच वेळगंगेचा ओढा कड्यावरून खाली पडतो आणि त्या कुंडाला आजही सीतेची न्हाणी म्हणतात. पाणी, त्या पाण्याकाठी तीर्थ आणि तीर्थाच्या आधाराने लेणी, असाच क्रम मला दिसतो. राष्ट्रकूटांनी आधीपासून पवित्र असलेल्या जागेवर आपला ठसा उमटवला. दशावतार लेण्याच्या (क्र. १५) अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा जो लेख आहे, तोही याच कृतीचा भाग मानावा लागतो.

कैलासाबद्दल सर्वांत सुंदर नोंद मात्र ते खोदणाऱ्या राजाच्या काळातली नाही. गुजरातवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट शाखेतला कर्क सुवर्णवर्ष याचा शके ७३४ चा (इ.स. ८१२-१३) ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात म्हटले आहे की, एलापूरच्या डोंगरावरचे कृष्णराजाचे हे मंदिर पाहून विमानातून जाणारे देवही चकित झाले आणि हे स्वयंभू शिवस्थान असले पाहिजे, मानवी कलेत असे सौंदर्य आढळत नाही, असे म्हणू लागले. आणि ज्या स्थपतीने ते घडवले, त्यालाही ‘हे माझ्या हातून कसे झाले’ असा प्रश्न पडला. काम होऊन जेमतेम दोन पिढ्या लोटल्या असताना लिहिलेला हा मजकूर आहे. ज्यांना हे मंदिर माणसाने केले नाही असे वाटते, त्यांना एवढेच दाखवावे की, हाच विस्मय बाराशे वर्षांपूर्वी एका कवीने व्यक्त केला होता आणि त्याच श्लोकांत त्याने ते घडवणाऱ्या माणसालाही बोलते केले होते.

पुढे राष्ट्रकूट गेले, कल्याणीचे चालुक्य आले आणि नंतर देवगिरीच्या यादवांच्या काळात वेरूळ राजधानीच्या अगदी शेजारचे गाव झाले. शके ११५६ मध्ये (इ.स. १२३४-३५) चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने चारणाद्री डोंगरावर पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ती करवून घेतली, असा तिच्या आसनावरचा लेख सांगतो, जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला ती आजही आहे. त्याच शतकात श्रीचक्रधरस्वामींचे येळापुरात, म्हणजे वेरुळातच, दीर्घ वास्तव्य झाले. ‘लीळाचरित्रा’त त्याच्या लीळा आहेत, आणि तिथे लेणी ही माणसांच्या नेहमीच्या वावरातली, वस्ती करण्याची जागा म्हणून येतात. मराठीतल्या आद्य गद्यग्रंथात वेरूळ आहे, ही गोष्ट आपल्या टिपणात अवश्य यावी असे मला मनापासून वाटते, कारण मार्गदर्शकही ती क्वचितच सांगतात.

चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यातले काही लोक वेरूळची लेणी पाहायला गेले असता वाटेत त्यांची गुजरातच्या कर्ण राजाची मुलगी देवळदेवी हिच्या रक्षकांशी गाठ पडली आणि ती पकडली गेली, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. प्रसंगाच्या तपशिलाबद्दल वाद होऊ शकतो, पण फिरिश्ता सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि सैनिकांनी मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला जावे असे हे स्थळ आहे, यात त्याला काही नवल वाटत नाही. सोळाव्या शतकाच्या सुमारास कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरू’त कैलासाची कथा आली : एलू राजाची राणी माणिकावती हिने मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत घेतले, आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आधी शिखरच खोदून दाखवून तिचे व्रत वेळेत पुरे केले. राणीच्या नावावरून देव माणिकेश्वर झाला. मध्ययुगात कैलास लेण्याची ओळख याच नावाने होती. वरून खाली खोदकाम झाले ही वस्तुस्थिती लोकांच्या स्मरणात इतकी पक्की होती की, तिच्याभोवती एक अख्खी कथा रचली गेली.

१६६७ मध्ये तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी येथे येऊन गेला. औरंगजेबाच्या पत्रांतही या जागेचे कौतुक आहे. खऱ्या कारागिराच्या, म्हणजे ईश्वराच्या, अद्भुत कृतींपैकी ती एक आहे असे तो म्हणतो. १७९४ मध्ये पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने वेरूळचे वर्णन लिहून प्रसिद्धीला दिले. त्याच्याचसाठी गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशवाईतल्या मराठी माणसाच्या हातची ती रेखाटने, थॉमस डॅनिएल यांनी जेम्स वेल्स या चित्रकाराच्या चित्रांवरून १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहाच्या आधीची आहेत. तेव्हा १८१९ च्या अजिंठ्यासारखी कुठलीही ‘शोधाची’ तारीख वेरूळला नाही, आणि ती नाही हेच या गावाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

उत्तर : टाकीचे घाव

ताम्रपट यांनी बरेच मोठे काम करून ठेवले आहे. मी फक्त खोदकामाबद्दल लिहितो, कारण दगडाच्या कामाशी माझा जवळचा संबंध आहे आणि त्या चित्रफितींमुळे पाथरवटांच्या कर्तृत्वावर होणारा अन्याय मला सहन होत नाही.

आधी मापे पाहू. कैलासाचे अंगण सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे. मागच्या बाजूला कडा ३० मीटरहून अधिक खोल उतरवला आहे; डोंगराला पश्चिमेकडे उतार असल्यामुळे पुढच्या बाजूची खोली त्यामानाने बरीच कमी. सरासरी खोली २५ मीटर धरली, तर अंगणाच्या खड्ड्याचे घनफळ साधारण एक लाख घनमीटर भरते. त्यातून मधोमध राखलेला मंदिराचा, नंदीमंडपाचा, हत्तींचा आणि ध्वजस्तंभांचा दगड वजा करावा लागतो. उरलेल्या बेसाल्टचे वजन घनमीटरला पावणेतीन टनांच्या आसपास धरले की, काढून टाकलेला दगड दोन लाख टनांच्या घरात जातो. पुस्तकांत हाच आकडा अंदाज म्हणून दिलेला असतो आणि तो या हिशेबाशी जुळतो.

आता यासाठी किती माणसे लागतील? डॉ. म. के. ढवळीकर यांनी असा हिशेब मांडला होता की, एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड काढतो असे धरले, तर २५० माणसांना हे काम साडेपाच वर्षांत करता येईल. पडताळून पाहा : २५० माणसे गुणिले चार घनफूट म्हणजे दिवसाला हजार घनफूट, अर्थात सुमारे २८ घनमीटर. साडेपाच वर्षांत दोन हजार दिवस धरले तर सुमारे ५६ हजार घनमीटर, म्हणजे दीड लाख टनांहून जास्त. हा फक्त दगड मोकळा करण्याचा हिशेब आहे. कोरीव काम, घासाई आणि वरचा गिलावा यांना वेगळा वेळ लागणार. तरीसुद्धा एका राजाच्या सतरा-अठरा वर्षांच्या कारकिर्दीत मुख्य मंदिर उभे राहणे यात अशक्य काहीच राहत नाही. माणसे दुप्पट केली तर काळ आणखी कमी होतो.

वरून खाली खोदण्याचे कौतुक सगळेच करतात, पण ते का केले याचा विचार फारसा होत नाही. या पद्धतीत लाकडी परांच्या बांधाव्या लागत नाहीत, कारण कारागीर नेहमी न काढलेल्या खडकावरच उभा असतो. डोंगरात प्रथम तीन बाजूंनी चर घेतले, मधला खडक सुटा केला आणि मग उंचावरून एकेक टप्पा घडवीत खाली आले. जो टप्पा पुरा झाला तो शिल्पकाराकडे गेला, तोवर दगड काढणारे पुढच्या टप्प्याला लागले. यात सोय आहे, पण जोखीमही तेवढीच आहे, कारण शिखर कोरताना गाभाऱ्याची, मंडपाच्या सोळा खांबांची आणि तळातल्या हत्तींची जागा आधीच नक्की ठरलेली असावी लागते. एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. माझ्या मते खरे आश्चर्य उपसलेल्या दगडात नसून या आराखड्यात आहे.

आराखडा आकाशातून पडलेला नव्हता, हेही सांगायला हवे. बदामीच्या चालुक्यांनी आठव्या शतकाच्या पूर्वार्धात पट्टदकल येथे बांधलेल्या विरूपाक्ष मंदिराशी कैलासाचे जवळचे साम्य आहे : समोर प्रवेशद्वार, त्यामागे सुटा नंदीमंडप, मग सभामंडप आणि द्राविड पद्धतीचे टप्प्याटप्प्याचे शिखर. राष्ट्रकूटांनी चालुक्यांचीच सत्ता घेतली, त्यामुळे त्यांचे कारागीर आणि त्यांची परंपराही राष्ट्रकूटांकडे आली. बांधीव मंदिराचा अनुभव असलेल्या लोकांनी ते मंदिर अखंड खडकात उलट्या क्रमाने उतरवले. सगळे काम एकाच वेळचे नाही, हेही लक्षात ठेवावे. अंगणाच्या उत्तर अंगाला असलेले लंकेश्वर लेणे आणि भोवतालच्या काही ओवऱ्या यांचे काम मुख्य मंदिरानंतर चालू राहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

उत्तर : संशय घेणारा

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु टिपण लिहिताना एक सावधगिरी बाळगावी अशी विनंती करतो. ‘वेरूळ कधीच हरवले नव्हते’ याचा अर्थ ‘कैलास मंदिरात बाराशे वर्षे अखंड पूजा चालू होती’ असा होत नाही. ताम्रपट यांनी दिलेल्या पुराव्यांकडे नीट पाहिले तर ते तीन प्रकारचे आहेत. काही तीर्थस्नानाचे आणि दानाचे, काही वसतीचे, आणि काही केवळ पाहायला आलेल्यांचे. तेव्हनो पाहायला आला, खिलजीचे सैनिक पाहायला गेले. त्यावरून त्या वेळी गाभाऱ्यात दिवा लागत होता असे म्हणता येणार नाही. चक्रधरस्वामींच्या काळात लेण्यांत माणसे राहत होती, पण एखाद्या लेण्यात मठ असणे आणि कैलासाच्या लिंगाची नित्यपूजा होणे या वेगळ्या बाबी आहेत.

पूजेच्या सातत्याकडे बोट दाखवणारी एक खूण मात्र प्रत्यक्ष लेण्यातच आहे. कैलासाच्या मंडपाच्या आणि पुढच्या ओसरीच्या छतावर चित्रांचे एकावर एक चढवलेले थर आहेत. जुन्या चित्रांवर पुन्हा गिलावा देऊन नवी चित्रे काढली गेली, याचा अर्थ मूळ काम संपल्यावरही या मंदिराची निगा राखणारे, त्यासाठी खर्च करणारे कोणीतरी होते. या मंदिराला ‘रंगमहाल’ असेही म्हणत, कारण एके काळी ते बाहेरूनही पांढऱ्या गिलाव्याने मढवलेले आणि रंगवलेले होते; त्या गिलाव्याचे तुकडे अजून दिसतात. मला स्वतःला हा पुरावा प्रवाशांच्या वर्णनांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. म्हणून आपल्या टिपणात ‘अखंड पूजा’ ऐवजी ‘अखंड परिचय आणि वेळोवेळी झालेली निगा’ असे शब्द वापरावेत.

उत्तर : गढीचा बुरूज

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे गावाकडे, अजून कोणी नीट वळलेले नाही, म्हणून लिहीत आहे.

वेरूळ आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या खुलताबाद तालुक्यात आहे, शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर. संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा रस्ता धरला की, दक्खनच्या इतिहासाचे बरेच पदर एकामागून एक समोर येतात : यादवांची देवगिरी, सुफी संतांचे दर्गे, मलिक अंबरची आणि औरंगजेबाची कबर, आणि घाट उतरल्यावर लेणी व गाव. या सगळ्यांच्या मधोमध असल्यामुळे वेरूळ कोणत्याही काळात आडबाजूचे गाव राहिले नाही. लेणी विस्मृतीत का गेली नाहीत, याचे साधे उत्तर माझ्या मते इथेच आहे. अजिंठा वाघोरा नदीच्या दरीत, वस्तीपासून दूर. वेरूळची लेणी मात्र उघड्या डोंगरउतारावर, पायथ्याला नांदते गाव आणि बाजूने वाहता रस्ता.

सोळाव्या शतकात बाबाजी भोसले हे वेरूळचे पाटील होते. हिंगणी, बेरडी, देऊळगाव या गावांच्या पाटिलकीही भोसल्यांकडे असल्याचे सांगतात. बाबाजींचे पुत्र मालोजी आणि विठोजी यांनी पुढे निजामशाहीत सरदारकी मिळवली. मालोजींचे पुत्र शहाजीराजे, आणि शहाजीराजांचे पुत्र शिवछत्रपती; म्हणजे छत्रपतींच्या घराण्याचा पाया ज्या पाटिलकीत आहे, ती या लेण्यांच्या पायथ्याची आहे. गावात मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत आणि शहाजीराजांचे स्मारकही उभारलेले आहे. लेणी पाहून परतणाऱ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, ही मला फार मोठी खंत वाटते.

आता संबंध कसा लावायचा? मालोजींनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. बखरींत अशी कथा येते की, देवीच्या दृष्टान्ताने मालोजींना वेरूळच्या शेतात द्रव्य सापडले आणि त्यातून त्यांनी घृष्णेश्वराचे काम केले, शिखर शिंगणापूरला तळे बांधले. द्रव्याची कथा कोणी मानो वा न मानो, शिंगणापूरचे तळे आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार यांतून दिसणारी शिवभक्ती खरी आहे. ज्या एलापुरात दंतिदुर्गाने तीर्थस्नान केले, त्याच गावच्या पाटलाने आठशेहून अधिक वर्षांनी तिथले शिवालय पुन्हा उभे केले. राजे बदलले, धर्मसत्तेचे रंग बदलले, पण शिवाचे क्षेत्र ही गावाची ओळख कायम राहिली. संशय घेणारा यांची सूचना मला मान्य आहे, कैलासाच्या गाभाऱ्यात रोज पूजा होत होती असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि क्षेत्राचे महत्त्व टिकवण्याचे काम गावातल्या घृष्णेश्वराने आणि तीर्थाने केले, आणि त्या क्षेत्राला येणारा यात्रेकरू लेण्यांपर्यंत गेल्याशिवाय राहत नसे. म्हणून माझ्या दृष्टीने गाव आणि लेणी यांचा इतिहास वेगळा करताच येत नाही.

आजचे घृष्णेश्वर मंदिर मात्र अठराव्या शतकातले. होळकर घराण्यातल्या गौतमाबाई आणि त्यांच्यानंतर अहिल्याबाई यांनी ते बांधून घेतले. तांबूस दगडाच्या त्या मंदिराजवळ शिवालय तीर्थ हे पायऱ्यांचे कुंड आहे आणि त्याच्या आतल्या टप्प्यावर आठ लहान देवळे आहेत. घाईने दर्शन उरकून निघालेले लोक हे कुंड पाहतच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लेणीही होळकरांच्या अखत्यारीत होती, आणि तिथल्या पूजेचे व प्रवेशाचे हक्क लिलावाने दिले जात असत. या एका व्यावहारिक तपशिलावरून त्या काळी तिथे पूजा होत होती आणि प्रवेश देण्यातून उत्पन्न मिळत होते, हे कळते. पुढे लेणी हैदराबादच्या निजामाकडे गेली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि देखभाल रीतसर सुरू झाली. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर ती जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली.

दौलताबादची वाट (मूळ प्रश्नकर्ती)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिपणाचा सांगाडा आता स्पष्ट झाला : तीर्थ, मग लेणी, मग क्षेत्राचे गाव, आणि या तिन्हींना जोडणारा रस्ता. ‘अखंड पूजा’ हा शब्दप्रयोग टाळीन आणि चित्रांच्या थरांचा उल्लेख ठळकपणे करीन. दगडाचा हिशेब तर जसाच्या तसा घेणार आहे, कारण आमच्या मंडळात हिशेब मांडून दाखवल्यावर पटणारी मंडळी बरीच आहेत.

शेवटचा एक प्रश्न. आमच्या हाती एकच दिवस आहे. बहुतेक सहली सकाळी थेट सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, शिरतात आणि दुपारी थकून बाहेर पडतात. गाव आणि लेणी यांचा हा एकत्रित इतिहास प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर कोणत्या क्रमाने जावे?

उत्तर : ताम्रपट

मी सुचवीन तो क्रम असा. सकाळी गावात घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन शिवालय तीर्थ निवांत पाहावे, मग गढी आणि स्मारक. तिथून लेण्यांकडे जाणे फार लांब नाही. लेण्यांचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे कैलासाच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते, म्हणून ते शेवटी ठेवावे.

लेण्यांत शिरल्यावर आधी उत्तर टोकाला, जैन लेण्यांकडे जावे. इंद्रसभा (क्र. ३२) पाहून वरच्या अंगाचा पार्श्वनाथ पाहता येतो. परत येताना धुमार लेणे आणि सीतेची न्हाणी. हिवाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर धबधब्याला थोडेफार पाणी असण्याची शक्यता असते. वेरूळच्या तीर्थाची कल्पना यायला ही जागा सर्वांत चांगली. वरच्या पठारावर ओढ्याच्या काठाने गणेश लेणी आणि जोगेश्वरी लेणी हे लहान लेण्यांचे गट आहेत, पण एका दिवसात ते जमणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. पुढे रामेश्वर लेण्यात दाराजवळची गंगेची मूर्ती चुकवू नये. त्यानंतर कैलास ओलांडून आधी दशावतार लेण्यात जावे आणि अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा लेख पाहावा. अक्षरे वाचता आली नाहीत तरी चालेल, तो कुठे कोरला आहे हे पाहणे पुरेसे आहे. पुतण्याचा लेख पाहून लगेच शेजारी काकांच्या मंदिरात जाण्यात इतिहासाचा क्रम आपोआप कळतो.

उत्तर : टाकीचे घाव

यात माझी एक भर. कैलासाच्या आत जाण्यापूर्वी उजव्या बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढून वरून मंदिर पाहावे. मंडपाच्या छपरावरचे कमळ आणि त्यावरचे चार सिंह वरूनच नीट दिसतात, आणि जिथून खोदकाम सुरू झाले त्या पातळीवर आपण उभे असतो. चर कसे घेतले असतील, दगड कोणत्या बाजूने बाहेर नेला असेल, हे मंडळींना तिथे उभे राहून समजावून सांगता येईल. कडा उघडा आहे, लहान मुले आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर काठापासून दूर थांबावे. खाली उतरल्यावर मंदिराच्या दक्षिण अंगाला कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. त्याच्यासमोर जरा जास्त वेळ राखून ठेवावा. पार्वती घाबरून शिवाच्या दंडाला बिलगलेली, मागे दासी पळत सुटलेली, आणि शिव मात्र निश्चल.

सहलीचा वार ठरवताना एवढे पाहावे की, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. पुष्कळांची यात गल्लत होते.